वारा पडल्यावर

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी सातच्या सुमारास हार्बरची लोकल वाशीच्या खाडीपुलावर चढते, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या माणसाला या लेखाचा विषय फुकटात पाहायला मिळतो. ट्रॉम्बेच्या बाजूला उंच धुराडं दिसतं. त्यातला धूर थोडा वर जातो आणि मग, वर कुणी काच बसवली असावी तसा, आडवा पसरतो. खाडीवर करडा थर, त्याच्या वर निळं आकाश आणि दोन्हींच्या मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. तोच पूल जुलैत ओलांडला तर ही रेघ कुठेच नसते. धुराडं तेच असतं, हवा दुसरी असते.

मराठीत ‘हवा’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. महाबळेश्वरची हवा म्हणताना हवामान अभिप्रेत असतं, सायकलीत हवा भरताना वायू. ‘मुंबईची हवा बिघडली’ म्हणताना यातलं नेमकं काय बिघडलेलं असतं? गेली तीनचार वर्षं हिवाळा आला की हाच प्रश्न वर्तमानपत्रांतून, महापालिकेच्या बैठकांतून आणि न्यायालयातूनही विचारला जातो आहे. एका बाजूचं म्हणणं असं, की वारे मंदावले, हवा साचली, त्याला कोण काय करणार. दुसरी बाजू म्हणते, वारे काही धूळ निर्माण करत नाहीत. दोन्ही विधानं खरी आहेत. वाद आहे तो त्यांचं एकमेकांशी नातं काय, याचा.

दैवी आपत्तीचा बचाव

हा वाद मुंबईत जन्मलेला नाही. १९३० सालच्या डिसेंबरात बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या खोऱ्यात दाट धुक्यात कारखान्यांचा धूर कोंडला आणि साठाहून अधिक माणसं गेली. ऑक्टोबर १९४८ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या छोट्या गावात तेच घडलं. नदीच्या अरुंद खोऱ्यात जस्ताचा आणि पोलादाचा कारखाना. त्यांच्यावर काही दिवस हवा हललीच नाही. २० जण दगावले, हजारो आजारी पडले. पुढे खटले झाले तेव्हा कारखानदारांचा बचाव होता, की ही दैवी आपत्ती आहे, असं हवामान कुणाला आधी सांगता आलं असतं? योगायोग असा, की रविवारी सकाळी जस्ताच्या भट्ट्या थंड केल्या आणि त्याच दिवशी पाऊसही आला. हवा सुटली ती भट्ट्या थांबल्यामुळे की पावसामुळे, हे मग सरळ सांगता येईना. आज हवामान आणि उत्सर्जन वेगळं काढण्यासाठी जी गणितं मांडली जातात, त्यांच्या मुळाशी डोनोराच्या या रविवारचाच प्रश्न आहे.

लंडनचं १९५२ सालचं धुकं अधिक प्रसिद्ध आहे. ५ ते ९ डिसेंबर या पाच दिवसांत शहरावर उच्च दाबाचा प्रदेश ठाण मांडून बसला, वारा पडला, थंडीमुळे घरोघरी कोळसा जास्त जळला. सरकारी अंदाज सुमारे ४,००० मृत्यूंचा होता. नंतरच्या संशोधकांनी पुढच्या महिन्यांतले मृत्यू धरून तो १२,००० च्या घरात नेला. तिथेही काहींनी हवामानाकडे बोट दाखवलं. तरी १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला तो धुराबाबत, कारण कायदा करायचा तर धुराचाच करता येतो.

लॉस एंजेलिसनं या चित्राला वेगळा रंग दिला. एका बाजूला समुद्र, तीन बाजूंना डोंगर आणि डोक्यावर वर्षाचा मोठा काळ टिकणारं उबदार हवेचं झाकण, अशी तिथली रचना. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं, की तिथला डोळे झोंबवणारा धूर एकट्या धुराड्यांतून आलेला नाही; गाड्यांच्या धुरातले वायू उन्हात शिजून तो हवेतच तयार होतो. म्हणजे हवामान केवळ भांडं नव्हे, चूलही आहे. डोंगर आणि झाकण आजही जागच्या जागी आहेत, गाड्या कितीतरी पटींनी वाढल्या, आणि तरीही तिथल्या ओझोनची पातळी त्या काळाच्या मानानं खूप खाली आली. उत्सर्जनाला मुख्य मानणाऱ्या मंडळींचा हा सगळ्यात आवडता दाखला आहे, आणि तो वजनदार आहे हे मान्य करायला हवं.

छप्पर, वारा आणि ओल

वादात शिरण्यापूर्वी यंत्रणा पाहू, कारण तिच्याबद्दल फारसं दुमत नाही.

दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर चढते आणि वरची खाली येते. ही घुसळण जिथपर्यंत पोचते त्या उंचीला मिश्रण-उंची म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी उत्तर भारतात ती दोनतीन किलोमीटरपर्यंत जाते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन तळाशी बसते आणि तिच्यावर तुलनेनं उबदार हवेचा थर राहतो. शाळेच्या भूगोलात आपण ‘तापमानाची विपरीतता’ म्हणून पाठ केलेली ती हीच. अशा पहाटे मिश्रण-उंची काहीशे मीटरवर, कधी त्याहूनही खाली येते. शहराचं छप्परच खाली उतरतं म्हणा ना.

त्यात वारा मिळवला की हिशेब पुरा होतो. मिश्रण-उंची आणि वाऱ्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार म्हणजे वायुवीजनाचा गुणांक. भारतात तो सेकंदाला ६,००० चौरस मीटरच्या खाली आणि वाऱ्याचा वेग ताशी १० किलोमीटरच्या खाली असेल, तर प्रदूषण पांगायला परिस्थिती प्रतिकूल मानली जाते. दिल्लीच्या रोजच्या पत्रकात हे आकडे असतात. समजा दुपारी छप्पर २,००० मीटरवर आहे आणि वारा सेकंदाला ४ मीटर, गुणांक ८,०००. त्याच शहरात पहाटे छप्पर २०० मीटरवर आणि वारा १ मीटर; गुणांक २००. चाळीसपट फरक, आणि तोही एकाही गाडीची भर न पडता.

म्हणून धूर किती निघाला याइतकंच तो कधी निघाला हेही मोजलं पाहिजे. पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन पालापाचोळा आणि एखादा पुठ्ठा पेटवून शेकत बसलेला असतो. दुपारी दोनला पेटवली असती तर त्या शेकोटीचा धूर कुणाच्या नाकापर्यंत गेला नसता. पहाटे पाचला तोच धूर चौथ्या मजल्यापर्यंत तरंगत राहतो आणि सकाळी फिरायला निघालेले ज्येष्ठ नागरिक तो छातीभरून घेतात. प्राणायाम करण्यासाठी निवडलेली वेळ हवेच्या दृष्टीनं दिवसातली सगळ्यात वाईट असावी, हा या शास्त्रातला एक उपरोधच.

मुंबईची गोष्ट आणखी निराळी. इथे वाऱ्यांचा रोजचा फेरा आहे: दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे. खारे वारे धूळ-धूर आत ढकलतात, मतलई वारे तो समुद्रावर नेऊन टाकतात. या फेऱ्यामुळेच ‘मुंबईची हवा समुद्र धुतो’ असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मतलई वाऱ्यांनी रात्री बाहेर नेलेलं सगळंच दूर जात नाही. त्यातला काही भाग किनाऱ्याजवळ घुटमळतो आणि दुसऱ्या दुपारी खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत येतो. शिवाय समुद्रावरची हवा थंड असल्यानं किनाऱ्यालगत घुसळण भर दुपारीसुद्धा फार उंच जात नाही. हिवाळ्यात खारे वारे उशिरा सुरू झाले की शहर तापतंही आणि कोंदटतंही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली तेव्हा धूर दिवसेंदिवस पूर्व उपनगरांवर रेंगाळला, उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळांना सुट्टी द्यावी लागली. मे महिन्यात, नैर्ऋत्येचे वारे जोर धरत असताना ती लागली असती तर आग तेवढीच राहिली असती. धुराचा मुक्काम बहुधा इतका लांबला नसता.

ओलीचं काम जरा गुंतागुंतीचं आहे. दमट हवेत काही कण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश अधिक विखुरतात, त्यामुळे कणांचं वजन फारसं न वाढताही समोरची इमारत दिसेनाशी होते. ओल्या कणांवर वायूंच्या रासायनिक क्रिया होऊन नवे क्षारही तयार होतात. मद्रास आयआयटीतले सचिन गुंथे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवलं, की दिल्लीच्या हिवाळी पहाटे दृश्यमानता घटण्यात क्लोराइडयुक्त कणांच्या पाणी शोषण्याचा मोठा वाटा आहे, आणि ते क्लोराइड येतं उद्योगांतून व प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून. म्हणजे ‘धुकं’ म्हणून जे आपण हवामानखात्याच्या खात्यावर टाकतो त्यातही कचऱ्याची राख असते.

आणि पाऊस. पावसानं हवा धुतली जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सरसकट नव्हे. थेंब मोठी धूळ चांगली खाली आणतात, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनच्या कणांना ते चुकवून पुढे जातात. हेच कण फुप्फुसात खोलवर पोचतात. पावसाळ्यात हवा स्वच्छ वाटते त्याचं श्रेय म्हणूनच थेंबांइतकंच समुद्रावरून अखंड येणाऱ्या वाऱ्यालाही आहे. नुसत्या भुरभुरीनं तर कधी हवा दमट होऊन आणखीच जड होते.

मुंबईचा तो हिवाळा

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईचा हवा गुणवत्ता निर्देशांक काही दिवस दिल्लीच्याही वर गेला. समुद्रकाठच्या शहरात असं व्हावं याचं लोकांना आश्चर्य वाटलं आणि तिथून वाद पेटला.

हवामानाच्या बाजूची सर्वांत सुसूत्र मांडणी बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतले गुफरान बेग आणि सहकारी यांची आहे. बेग हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘सफर’ ही हवा-अंदाजाची यंत्रणा उभारणारे शास्त्रज्ञ. दिल्लीत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ती सुरू झाली, पुढे पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. त्यांचं म्हणणं असं: २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे प्रशांत महासागरात ला निना होता, म्हणजे विषुववृत्तालगतचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं. तिसऱ्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या वाऱ्यांचा नेहमीचा नमुना मोडला. उत्तर भारतात हवा साचून राहिली नाही. दक्षिणेकडे मात्र जमिनीलगतचे वारे मंदावले, आणि मुंबईत खाऱ्या-मतलई वाऱ्यांची जी अदलाबदल शहर साफ करते ती लांबत गेली. परिणाम उलटसुलट झाला. त्यांच्या हिशेबानं त्या हिवाळ्यात मुंबईतलं पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, तर गाझियाबादचं सुमारे तेवढंच कमी झालं, दिल्लीचं १० टक्क्यांच्या आसपास उतरलं. एकाच वर्षी गाझियाबादनं प्रदूषण तिसऱ्या हिश्श्यानं घटवलं आणि मुंबईनं तेवढंच वाढवलं, असं धोरणांतून होणं कठीण. म्हणून कारण वरच्या हवेत शोधायचं, हा त्यांचा युक्तिवाद.

दुसऱ्या बाजूला शहराचं अंगण आहे. त्या काळात मेट्रोच्या मार्गिका, सागरी किनारा रस्ता आणि गल्लोगल्ली पुनर्विकास अशी कामं एकाच वेळी चालू होती. जुनी इमारत पाडायची, राडारोडा उघड्या डंपरमधून न्यायचा, काँक्रीटचे मिक्सर प्लांट वस्तीलगत चालवायचे, हे चित्र मुंबईकरानं रोज पाहिलं आहे. माझ्या स्वतःच्या खिडकीच्या जाळीवर त्या वर्षी आठवड्यात बसलेली धूळ बोटानं नाव लिहिता येईल इतकी होती, आणि ती काही प्रशांत महासागरातून आली नव्हती. अर्थात जाळीवर बसते ती मोठी धूळ, पीएम २.५ नव्हे, माझा पुरावा तेवढ्यापुरताच.

ला निनाच्या स्पष्टीकरणाची खरी परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. २०२३-२४ मध्ये एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराची कूस बदलली होती. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये, पाऊस परतल्यावर लगेच, मुंबईची हवा पुन्हा बिघडली. महिनाअखेरीस महापालिकेनं बांधकामांसाठी नियमावली काढली: मोठ्या प्रकल्पांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, झाकलेली वाहनं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस आला आणि हवा निवळली. नियमांमुळे किती आणि पावसामुळे किती? पुन्हा डोनोराचा रविवार.

मला वाटतं, बेग यांचं स्पष्टीकरण त्या एका हिवाळ्याचं टोक समजायला चांगलं आहे; मुंबईची पातळी मुळात उंच का, याचं ते उत्तर नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. बातम्यांत मात्र दोन्हींची सरमिसळ झाली.

तिसरीही एक गोष्ट आहे, जी या दोन्ही बाजूंत बसत नाही. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडच्या धुळीच्या वादळाची झळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत आली. गाड्यांच्या काचांवर पांढरट भुकटी बसली, समुद्राची कड दिसेना. त्या दिवशी वारा पडला नव्हता, उलट जोरात होता. वारा आणतोही, नेतोही.

दिल्लीची दिवाळी

दिल्लीबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे, की इथे एकच उदाहरण पुरे. नोव्हेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात तिथली हवा गंभीर पातळीवर गेली. दिवाळीनंतर गाड्यांना सम-विषम योजना लागू करायचं ठरलं. १० तारखेला पाऊस झाला. योजना पुढे ढकलली. १२ तारखेला दिवाळीच्या दिवशी निर्देशांक २१८ होता, आठ वर्षांतला सर्वांत चांगला. दुसऱ्या दिवशी ३५८. पहिला आकडा पावसाचा, दुसरा फटाक्यांचा, असं म्हणावंसं वाटतं; पण दुसऱ्यातही रात्रीच्या थंड, स्थिर हवेचा हात होताच. दिवाळी कोणत्या तारखेला येते यावरही बरंच अवलंबून असतं. २०२२ मध्ये ती २४ ऑक्टोबरला, उबदार हवेत आली. २०२० मध्ये १४ नोव्हेंबरला. पंचांगातल्या अधिक महिन्यामुळे सरकलेली तिथी हवेचा आकडा बदलू शकते. ‘यंदाची दिवाळी गेल्या वर्षीपेक्षा स्वच्छ’ अशी बातमी वाचताना तारीख पाहिली जात नाही.

वजाबाकीची गणितं

हवामानाचा वाटा वजा कसा करायचा, यावर गेल्या दहाएक वर्षांत बरंच काम झालं. एक मार्ग रसायन-वहनाच्या संगणकीय प्रारूपांचा: उत्सर्जन तेच ठेवून वेगवेगळ्या वर्षांचं हवामान चालवून पाहायचं. दुसरा संख्याशास्त्राचा. ब्रिटनमध्ये स्टुअर्ट ग्रेंज आणि डेव्हिड कार्सलॉ यांनी यंत्रशिक्षणाची पद्धत वापरून अनेक वर्षांच्या तासातासाच्या नोंदींवरून ‘सरासरी हवामान असतं तर आकडा काय आला असता’ हे काढायची रीत रूढ केली.

चीनमधलं उत्तर बरंच स्पष्ट आलं. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत तिथलं लोकसंख्येच्या भारानं काढलेलं सरासरी पीएम २.५ घनमीटरला ६१.८ मायक्रोग्रॅमवरून ४२ वर आलं. झांग चियांग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की एकेका वर्षी हवामानानं आकडे लक्षणीय हलले, पण पाच वर्षांच्या उतरणीत त्याचा वाटा लहान होता. बाकी काम धुराड्यांवरच्या नियंत्रणाचं. काळ जितका लांब घ्यावा तितका हवामानाचा गोंगाट विरतो, हा यातला धडा.

टाळेबंदीनं उलट बाजू दाखवली. २५ मार्च २०२० पासून देश थांबला, आकाश निळं झालं, जालंधरहून हिमालयाची धौलाधार रांग दिसली. अनेकांनी जानेवारीचे आकडे एप्रिलशी ताडून मोठमोठ्या टक्केवाऱ्या काढल्या. एप्रिलमध्ये हवा दरवर्षीच निवळते, हे विसरून. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दिल्लीसह जगातल्या ११ शहरांचा हवामान वजा करून हिशेब मांडला तेव्हा नायट्रोजन डायऑक्साइडची घट खरी, पण प्रथम सांगितली गेली त्यापेक्षा कमी निघाली. ओझोन तर वाढलेला दिसला. आणि २०२० च्याच फेब्रुवारीत, चीनमधले रस्ते ओस असताना, उत्तर चीनवर दाट धूसर पडदा पसरला होता: दमट, साचलेली हवा आणि तिच्यातली रसायनं.

यात एक अडचण मूळ गणितातच आहे, आणि लोकांपुढे येणाऱ्या चर्चेत ती क्वचित मांडली जाते. प्रदूषणाचं हवेतलं प्रमाण म्हणजे ढोबळमानानं उत्सर्जन भागिले वायुवीजन. हा भागाकार आहे, बेरीज नाही. ‘४० टक्के हवामानामुळे, ६० टक्के धुरामुळे’ अशी वाटणी बेरजेत करता येते. उत्सर्जन शून्य असेल तर सर्वांत वाईट हवामानही शून्याला काही करू शकत नाही. आणि हवा साचलेली असेल तेव्हा त्याच एका शेकोटीचं मोल चाळीसपट होतं. म्हणून ‘वाटा’ कुठल्या सामान्य दिवसाशी तुलना करून काढला, हे सांगितल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नसतो. दोन तज्ज्ञ वेगळे आकडे सांगतात तेव्हा ते अनेकदा भांडत नसतात; त्यांचा ‘सामान्य दिवस’ वेगळा असतो.

धूरही हवामान घडवतो

इथवर हवामान कारण आणि प्रदूषण परिणाम, असं धरलं. ते पुरतं खरं नाही. काजळीचे कण वर ऊन शोषतात: वरचा थर तापतो, जमीन कमी तापते, घुसळण मंदावते, छप्पर आणखी खाली येतं आणि धूर आणखी दाटतो. नानजिंग विद्यापीठातल्या डिंग आइजुन यांच्या गटानं २०१६ मध्ये याला घुमटाची उपमा दिली. गंगेच्या मैदानातल्या दाट धुक्यातही कणांचा हात आहेच. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २०१५ पासून दिल्ली विमानतळावर हिवाळी धुक्याचं क्षेत्रनिरीक्षण करते आहे ते याच गुंत्यासाठी. या चक्राचा जोर भारतातल्या किनारी शहरांत किती, यावर अजून एकमत नाही.

हवामानबदलाचं काय? २०१४ सालच्या एका बहुचर्चित अभ्यासानं या शतकात साचलेल्या हवेचे दिवस वाढतील आणि त्यात भारत ठळकपणे असेल असं म्हटलं. नंतर आक्षेप आला, की साचलेपण मोजायचा तो निर्देशांक मुळात अमेरिकेसाठी बेतलेला, आणि प्रत्यक्ष कणांच्या पातळीशी त्याचं नातं सैल आहे. मोसमी पाऊस, पश्चिमी झंझावात आणि समुद्राचं तापमान यांत पुढे काय होईल यावर प्रारूपं एका सुरात बोलत नाहीत. इथे ठाम बोलणाऱ्यापासून दोन पावलं दूर राहिलेलं बरं.

अंदाजावर चालणारा कारभार

वाद काहीही असो, हवामान चारपाच दिवस आधी बरंचसं सांगता येतं, आणि त्याचा उपयोग करण्याबद्दल मात्र जवळपास सहमती आहे. दिल्लीसाठी पुण्याच्या संस्थेनं २०१८ मध्ये हवेचा पूर्वइशारा देणारी यंत्रणा सुरू केली, २०२१ मध्ये कोणत्या जिल्ह्यातून किती प्रदूषण येतं आहे याचा अंदाज देणारी जोडप्रणाली आणली. तिथला श्रेणीबद्ध कृती आराखडा २०१७ पासून आहे. २०२२ मध्ये तो बदलून निर्देशांक चढण्याआधी अंदाजावरूनच निर्बंध लावता यावेत अशी सोय झाली. टीका अशी, की इशारा चुकला तर मजुरांचा रोज उगाच बुडतो. उलट बाजू म्हणते, हवा गंभीर झाल्यावर काम थांबवणं म्हणजे छप्पर खाली आल्यावर चूल विझवणं. धूर कोंडलेलाच राहतो. मुंबईत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस निर्देशांक २०० च्या वर राहिल्यानं भायखळा आणि बोरिवली पूर्व इथली बांधकामं थांबवली गेली. ती कारवाई आकडा चढल्यावरची होती.

हवामानालाच हात घालायची कल्पना अधूनमधून वर येते. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीवर कानपूर आयआयटीच्या मदतीनं कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. ढगांत ओलावाच अगदी कमी होता, पाऊस जवळपास पडलाच नाही. सोलापूर परिसरात पुण्याच्या संस्थेनं केलेल्या प्रयोगांत पावसात सुमारे १८ टक्के वाढ दिसली होती, पण ती पावसाळ्यातल्या भरल्या ढगांत. ज्या दिवसांत हवा साचते त्या दिवसांत बहुधा ढगच नसतात.

जे अजून सुटलेलं नाही

मोजणीचा प्रश्न पहिला. केंद्रांची संख्या वाढली, पण ती सगळी जमिनीवर; छप्पर कुठे आहे हे सांगणारी उभी मोजणी फार थोडी. सांताक्रूझहून हवामानखात्याचा फुगा दिवसातून दोनदा जातो, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. खारे वारे आत शिरतात ती वेळ, म्हणजे मुंबईच्या हवेच्या दिवसातली सगळ्यात निर्णायक वेळ, नेमकी या दोन फुग्यांच्या मध्ये पडते.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्यातली सर्वाधिक शहरं महाराष्ट्रातली, एकोणीस. उद्दिष्ट मोजायचं ते पीएम १० च्या, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या, सरासरीनं, आणि ती सरासरी हवामान वजा न करता काढलेली. पंधराव्या वित्त आयोगानं दहा लाखांवरच्या शहरांना द्यायचं अनुदानही याच मापाशी बांधलं: वार्षिक पीएम १० मध्ये १५ टक्के घट, आणि निर्देशांक २०० च्या आत असलेले किमान २०० दिवस. हवामान वजा करावं असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे: वाईट वाऱ्याच्या वर्षी प्रामाणिक शहराचा निधी कापला जाईल आणि चांगल्या पावसाच्या वर्षी आळशी शहराला बक्षीस मिळेल. विरोधात म्हणणाऱ्यांचाही मुद्दा हलका नाही: नागरिकाची फुप्फुसं हवामान वजा करून श्वास घेत नाहीत, आणि एकदा वजाबाकीची मुभा दिली की प्रत्येक वाईट वर्षाला ला निना सापडेल. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत, अशी एक मधली सूचना आहे. ती अजून कुठल्या नियमात आलेली नाही.

तोवर मुंबईसारख्या शहराचा हिशेब असा चालतो: जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस मोसमी वाराच पदरात टाकतो. त्या दोनशेपैकी राहतात ७८. ते ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत गोळा करायचे असतात.